जोडीनं काढलेल्या चपला

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवायला मला ठाण्यापर्यंत जावं लागत नाही. घराचं दार उघडलं की पुरतं. का, ते शेवटी सांगतो.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे लिहिणं माझं काम नाही. नोकरीत जे लिहिलं ते पंचनामे आणि जबाब. पंचनाम्यात एक बरं असतं, जे दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते नाही. इथंही तसंच लिहितो. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं नाशकातच आहेत, भाजी आणायला गेलो की भेटतात.

तेव्हा नोकरीची शेवटची वर्षं होती. शहराच्या कडेला गंगापूर रस्त्याच्या अंगाला एक मोठं मैदान आहे. तिथं एका गायकाचा कार्यक्रम ठेवला होता. कॉलेजची पोरं, कारखान्यातली माणसं, सिन्नरकडून जीप करून आलेली कुटुंबं, सगळी लोटली. संध्याकाळी कार्यक्रम रंगात येत असताना मैदानाच्या डाव्या बाजूला कुणीतरी ओरडलं, "करंट! करंट!" लोक उठून पळाले. सगळे एकाच दाराकडे. नाल्याकडचं जुनं दार, बैलगाडी जाईल एवढं. बाहेरून अजून माणसं आत येत होती. आतली बाहेर, बाहेरची आत, आणि मधे बायका-पोरं.

जीव कुणाचा गेला नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचणाऱ्याचा घोर जाईल. पण बरगड्या मोडल्या, हातपाय मोडले. सिन्नरची एक शिक्षिका चेंगरून बेशुद्ध झाली आणि बरेच दिवस शुद्धीवर आली नाही. तिचं बरंवाईट झालं असतं तर गुन्ह्याचं कलम बदललं असतं. ते सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी दोन पंच घेऊन पंचनामा केला. ज्यांनी चेंगराचेंगरीनंतरचं मैदान पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथं रक्त फारसं दिसत नाही. चपला दिसतात. मैदानभर चपला. एकेक, उलट्या, पट्टे तुटलेल्या, लहान मुलांचे दिवे लागणारे बूट. आम्ही कांद्याच्या गोण्या आणून त्यात भरल्या आणि ठाण्यात बेवारस मुद्देमाल म्हणून ठेवल्या. भरण्याआधी मैदानाच्या प्रत्येक बाजूचे फोटो काढले. ती माझी सवय. चपला न्यायला कुणी येत नाही. दोनशे रुपयांच्या चपलेसाठी ठाण्यात जबाब कोण देईल?

मैदानाला दुसरंही दार होतं. उजव्या कोपऱ्यात, नवंकोरं, ट्रक जाईल एवढं रुंद. त्याची झडप पूर्ण उघडी होती. कुलूप नाही, कडी नाही. आम्ही प्रत्येकाला विचारलं, "नवं दार उघडं होतं का?" जो तो म्हणाला, "उघडं होतं." आयोजकानं सांगितलं उघडं होतं, त्याच्या स्वयंसेवकांनी सांगितलं, मंडपवाल्यानं सांगितलं, प्रेक्षकांनीही सांगितलं. मग लोक तिकडून का नाही गेले? आमचे मोठे साहेब म्हणाले, "घाबरलेलं माणूस मेंढरासारखं असतं. एक जिकडं जाईल तिकडं सगळे." आम्हालाही पटलं. मोबाईलवर व्हिडिओ पोत्यानं होते, पण सगळे स्टेजचे. त्या कोपऱ्यात जनरेटर आणि अंधार. तिकडं कोण कॅमेरा धरतो?

मग उरलं एकच. ओरडलं कोण?

खबर लगेच आली. मैदानाबाहेर शेंगदाणे विकणारा आमचा जुना माणूस. सकाळी ठाण्यात येऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "हवालदार, तो सातपूरचा लायटीवाला पोरगा. केबलपाशी उभा होता. त्यानंच बोंब मारली. मी ह्या कानांनी ऐकलं."

मी तेव्हा हवालदार नव्हतो, सहायक फौजदार झालो होतो. पण त्याच्यासाठी मी शेवटपर्यंत हवालदारच राहिलो.

खबर खरी होती. चाळीस वर्षांच्या नोकरीत एक शिकलो, खबर सहसा खोटी नसते, अर्धी असते. अर्ध्या खबरीवर माणूस आत जातो आणि उरलेली अर्धी कुणी शोधत नाही.

पोराला बोलावलं. विशी ओलांडलेला, काटक, हातावर सोल्डरिंगचे डाग. दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी, संध्याकाळी लायटीची कामं. बाप नव्हता. त्याला त्या महिन्यात कारखान्यात कायम करणार होते, आणि कायम करण्याआधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागतो. तो दाखला आमच्याच ठाण्यातून जायचा. म्हणजे त्याची भाकरी आमच्या टेबलावर होती.

मी विचारलं, "ओरडलास का?"

"ओरडलो."

"का ओरडलास?"

"साहेब, पाण्याच्या टँकरचा नळ गळत होता. केबलच्या जोडाखाली पाणी आलं होतं. दोन लहान पोरं त्यात नाचत होती. मी करंट म्हणून ओरडलो नसतो तर ती चिकटली असती."

"अफवा पसरवली म्हणून गुन्हा लागेल, कळतं का?"

"अफवा नव्हती. करंट होता. टेस्टर लावून दाखवतो."

चौकशीला बसलेला माणूस बहुतेक वेळा नाही म्हणतो. हा सगळ्याला हो म्हणत होता, त्यामुळे त्याला वाचवायला जागाच नव्हती. मोठे साहेब म्हणाले, "कबुली आहे. अजून काय पाहिजे?" पण अटक दाखवायची तर शिक्षिकेचं काय होतं ते बघून, म्हणून ते थांबले. तोवर पोरगा रोज सकाळी यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी जायचा. कारखान्यात खाडे पडत होते.

त्याची आई डबा घेऊन यायची. दारात चपला काढायची, "जय भीम साहेब," म्हणायची आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. रडली नाही, हात जोडले नाहीत. एकदाच मला म्हणाली, "साहेब, मी त्याला लहानपणापासून सांगितलं, आग दिसली, साप दिसला, तर ओरडायचं. लाजायचं नाही. आता काय सांगू? गप बसायचं?"

मी तिच्यासाठी चहा सांगितला.

ह्याच दिवसांत सिंहस्थाच्या तयारीसाठी परदेशातली काही माणसं शहरात आली होती. वेगवेगळ्या देशांत मोठ्या कार्यक्रमांची, खेळांची गर्दी सांभाळणारी. ते आमच्याकडून शिकणार, आम्ही त्यांच्याकडून, असं ठरलेलं. आम्हाला एका सभागृहात बसवलं आणि पडद्यावर बाण दाखवले. मला खरं सांगायचं तर राग आला. आम्ही रामकुंडावरची गर्दी काढलेली माणसं. हे गोरे आम्हाला गर्दी शिकवणार?

त्यांच्यात इंग्लंडकडची एक बाई होती. पन्नाशीची, उंच, उन्हानं नाक सोललेलं, डोक्यावर कापडी टोपी. गाण्याच्या कार्यक्रमांचा बंदोबस्त हेच तिचं आयुष्यभराचं काम. चहाच्या सुट्टीत तिनं मला विचारलं, तुम्ही गर्दी कशी आवरता? भाषांतर करायला आमच्या ठाण्याच्या उपनिरीक्षक मॅडम होत्या, शिकलेली पोरगी, इंग्रजी पाण्यासारखं.

मी म्हणालो, "काठी आणि दोरी."

बाई हसली आणि काहीतरी बोलली. मॅडम हसू दाबून म्हणाल्या, "काका, त्या म्हणतात, आमच्याकडे काठी द्यायचे नाहीत, म्हणून डोकं वापरावं लागलं."

सगळे हसले. मीही हसलो. टोमणा चांगला असला की लागला तरी घ्यावा.

बाईला पडद्यावरचे बाण पुरे झाले होते. तिनं विचारलं, इथं अलीकडे काही घडलंय का, खरं, तुमचं? मॅडमनी मैदानाची घटना सांगितली. ती लगेच उठली. दुपारच्या उन्हात आम्ही तिला मैदानावर नेलं. ती जुन्या दारापासून नव्या दारापर्यंत चालली, मग उलट चालली. मधेच उकिडवी बसायची आणि लहान मुलाच्या उंचीवरून बघायची. तिचे गुडघे कटकट वाजत होते, ते आम्हाला ऐकू येत होतं.

मॅडमनी तिला पोराबद्दल सांगितलं. मग मॅडमनी तिचं बोलणं मराठीत सांगितलं ते असं. "आमच्या देशातही असं झालं तेव्हा पहिल्यांदा ओरडणारा शोधला होता. मग पुढच्या खेपेला ओरडायची वेळ आली तर कुणी ओरडलं नाही. ओरडण्यानं माणूस चेंगरत नाही. वाट नसली की चेंगरतो."

मोठे साहेब नव्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "वाट तर होती. ही काय."

बाईनं फोटो मागितले. मी मोबाईलवर दाखवले. ती एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. नव्या दाराच्या फोटोशी थांबली. तिथं दारापासून चार पावलं आत, जमिनीवर चपलांची एक रांग होती. तिनं विचारलं, "बाकी सगळ्या मैदानावर एकेकटी चप्पल आहे. इथं जोड्या का आहेत? आणि सरळ का ठेवल्यात?"

आम्ही हसलो. मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, हे नाशिक आहे. इथं पावलोपावली देऊळ. जोडीनं काढलेल्या चपला इथं सगळीकडे दिसतात."

बाई हसली नाही. "हो, पण इथं देऊळ कुठं आहे?" असं विचारून तिनं मोबाईल मला परत दिला. तेवढ्यात त्यांची गाडी आली.

घरी गेलो. आमचं घर पोलीस वसाहतीतलं, दोन खोल्यांचं. बायको मेथी निवडत बसली होती. ती बागलाणातल्या नामपूरची. नाशकात सगळा जन्म गेला, शेजारणींशी शुद्ध मराठी बोलायची, पण माझ्याशी अहिराणीच. मी बूट काढता काढता तिला गंमत म्हणून सांगितलं, की गोरी बाई चपलांच्या जोड्या बघून चक्रावली.

तिचा हात थांबला. "कसाले हासतस तुमी? यामा हासानं काय शे?"

"अगं, आपल्याकडे चपला जोडीनंच काढतात."

"काढतस. पन तठे लोक पयी ऱ्हायंतात ना? पयनारा मानूस चप्पल टाकी देस. जोडी करीसन कोन ठेवस?"

पळणारा माणूस चप्पल टाकून देतो. जोडी करून कोण ठेवतो? मी एक बूट काढून तसाच बसलो.

ती परत मेथीला लागली. जणू काही विशेष बोललीच नाही अशी. "तठे देव व्हई नाहीते दिवा. जा, इचारा. आनि बूट बाहेर ठेवा, आताच पुसेल शे." तिथं देव असेल नाहीतर दिवा, असं तिचं म्हणणं.

मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, ते मला पुढं फार दिवसांनी कळलं. म्हणाली, "एक चप्पल दिसनी म्हणजे मानूस गया. जोडी दिसनी म्हणजे मानूस मझार शे." मझार म्हणजे आत.

दुसऱ्या दिवशी मी त्या कोपऱ्यात बसलेल्या प्रेक्षकांना परत गाठलं. सातपूरच्या एका वर्कशॉपमधले तिघे मित्र होते, त्यांचा जबाब आधीच झालेला होता. मशीनच्या आवाजातच मी विचारलं, "त्या नव्या दारात काय होतं?"

एकजण म्हणाला, "दारात? काही नाही. फीत होती."

"कसली फीत?"

"लाल. उद्घाटनाची. तबकात कात्री, नारळ, समई लावलेली, एका आजींचा फोटो, हार. प्रमुख पाहुणे यायचे होते ना कापायला. त्यांना उशीर झाला."

"आणि लोक पळाले तेव्हा?"

"आम्ही गेलो होतो तिकडं. पण फीत कापलेली नव्हती, दिवा जळत होता. तिथं पांढऱ्या कपड्यातले एक भाऊ, कार्यक्रमाचे आयोजक वाटत होते, हात पसरून उभे होते, दोन मिनिटं थांबा, साहेब आलेच, म्हणत होते. मग आम्ही फिरलो."

"फीत होती रे. कागदासारखी. तोडून नाही गेला?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. दुसरा म्हणाला, "असं कसं साहेब. दुसऱ्याच्या शुभकार्याची फीत कशी तोडणार?"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं दार उघडं होतं का. उघडंच होतं की."

त्याचं चुकलं नव्हतं. कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. दार उघडं होतं, हे सगळ्या गावानं खरं सांगितलं होतं. आम्ही दाराची कडी शोधत होतो. आपल्या माणसाला अडवायला कडी लागत नाही, लाल फीत आणि पेटलेला दिवा पुरतो. हे आम्हाला दिसलं नाही, कारण आम्हीही त्याच मातीतले. आम्हीही फिरलोच असतो.

पण हे झालं ऐकीव. फीत, समई, फोटो, नारळ, सगळं पंचनाम्याआधी उचललं गेलं होतं. आयोजकाच्या जबाबात होतं की आपण पूर्ण वेळ स्टेजच्या मागे होतो, नव्या दाराकडे फिरकलोच नाही. तो पैसेवाला, वजनदार माणूस. तीन कामगारांच्या शब्दावर त्याला कोण हलवणार? मोठे साहेब म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं असेल. पण हातात काय आहे?"

मी म्हणालो, "गोण्या आहेत."

फोटो बघून मी त्या कोपऱ्यातल्या जोड्या गोणीतून वेगळ्या काढल्या. पुसल्या. त्यात एक कोल्हापुरी जोड होता, भारी, पिवळसर चामड्याचा, अंगठ्याला लाल गोंडा. मी सगळे जोड ठाण्याच्या दारात पायरीपाशी मांडून ठेवले, जसं कुणी आत आलंय. आणि आयोजकाला चहाला बोलावलं. चौकशीला म्हटलं असतं तर वकील घेऊन आला असता.

तो गाडीतून आला. पन्नाशीचा, पांढरे कपडे, पायात नवे बूट. त्याच्या मागून त्याचा म्हातारा ड्रायव्हर, हातात फाइल घेऊन. आयोजक पायरी चढला, चपलांवर त्याची नजर गेली आणि लगेच वर आली. एवढं मला दिसलं. तो आत येऊन बसला, तोंडावर काही नाही. पक्का माणूस. पण ड्रायव्हर दारातच थांबला, वाकला आणि आनंदानं ओरडला, "मालक, घावल्या की. तुमच्या कोल्हापुरी. मी म्हणत होतो ना हरवायच्या नाहीत. रविवार कारंज्यावरच्या दुकानातून आपणच घेतल्या होत्या, पाडव्याला."

ठाणे अंमलदारानं लिहिणं थांबवलं. बाकावर पोरगा होता, त्याची आई होती, त्यांनीही बघितलं. ड्रायव्हर बिचारा चपला हातात घेऊन उभा, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना.

मी आयोजकाला म्हणालो, "तुमच्याच ना? न्या. फक्त एवढं सांगा, स्टेजच्या मागे असलेल्या माणसाच्या चपला नव्या दारात कशा काढलेल्या होत्या?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं आता वकिलाला फोन लावेल. पण तो म्हणाला, "ते दार आईच्या नावाचं होतं."

मग सांगितलं सगळं. आई वर्षभरापूर्वी गेलेली. तिच्या नावानं मैदानाला नवं दार बांधून दिलं. आईचा फोटो ठेवून, दिवा लावून, मोठ्या माणसाच्या हातून फीत कापायची, मग त्यातून लोकांनी जायचं. पाहुणा येईना. लोक पळत आले तेव्हा तो अनवाणी उभा होता. "साहेब, मला वाटलं दोन मिनिटांत सगळं शांत होईल. पहिल्यांदा पाय पडायचा तो असा धक्काबुक्कीचा नको, एवढंच होतं मनात. आईच्या दारातून लोक हसत जावेत, असं." मग जुन्या दाराकडून किंकाळ्या आल्या तशी त्यानं स्वतःच फीत ओढून काढली. पण तोवर गर्दी तिकडं अडकली होती. त्या शिक्षिकेला त्यानंच उचलून स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, अनवाणी. चपला तिथंच राहिल्या, त्याच्या आणि दिव्यापाशी उभ्या असलेल्या घरच्यांच्याही. बाकीचं त्याच्या माणसांनी उचललं. चपला कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत. चपलेला पुरावा कोण समजतं?

"आणि ह्या पोरावर ढकललंत," मी म्हणालो.

तो बाकाकडे बघेना. "मी ढकललं नाही. लोक म्हणत होते, मी गप्प बसलो."

पोराची आई उठली. आम्हाला वाटलं शिव्या देईल. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या आईला हे आवडलं असतं का?" मग आपल्या जागेवर जाऊन बसली. आयोजकाच्या डोळ्यांना धार लागली. मी बरेच गुन्हेगार रडताना पाहिले, त्यातले निम्मे नाटकी. हा खरा रडला.

नवा जबाब झाला. हलगर्जीपणाचा गुन्हा त्याच्यावर लागला, पुढं कोर्टात जे व्हायचं ते झालं, त्यात मी पडत नाही. शिक्षिका शुद्धीवर आली. पोराचा दाखला मोठ्या साहेबांनी स्वतः सही करून दिला आणि सही करताना म्हणाले, "पुढच्या वेळीही ओरड." एवढं बोलायला मोठेपणा लागतो.

ती इंग्लंडची बाई जायच्या आधी मॅडमनी तिला सगळं सांगितलं. लाल फीत, दिवा, फोटो. तिनं दोनदा विचारून घेतलं, की कागदासारख्या फितीला माणसं थांबली? खरंच? आणि मग म्हणाली, आमच्या शिकवण्यात हे कुठंच नाही. आम्ही दाराची रुंदी मोजतो, कुलूप तपासतो. दारात मान ठेवलेला असतो हे आम्हाला कोण सांगणार? तिनं विचारलं, हे ओळखलं कुणी?

मी म्हणालो, "आमच्या मंडळींनी. मेथी निवडताना."

भाषांतर ऐकून ती खूप हसली आणि हात पुढं केला. म्हणाली, त्यांना सांगा, माझ्याकडे नोकरी आहे.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "तठे मेथी भेटस का?"

पुढं आमच्याकडे नियम झाला. ज्या दारातून माणसं जायची त्या दारात फीत नाही, समई नाही, फोटो नाही. उद्घाटन करायचं तर बाजूला खांब उभारा, त्याला फीत बांधा, दिवसभर कापत बसा. सुरुवातीला लोक चिडायचे. आता विचारून घेतात. वर्षभरानं मॅडमना त्या बाईचा निरोप आला. तिच्या गावात आपल्या लोकांनी दिवाळीचा कार्यक्रम ठेवला होता आणि मोठ्या दारात रांगोळी काढून पणत्या मांडल्या होत्या. तिनं आयोजकांना सांगितलं, रांगोळी फार सुंदर आहे, म्हणूनच ती इथं नको, ती कुणी ओलांडणार नाही. त्यांना आश्चर्य वाटलं, हिला कसं कळलं. आम्ही तिच्याकडून वाट आहे का ते तपासायला शिकलो, तिनं आमच्याकडून माणूस थांबतो कशानं ते नेलं. तुम्ही ह्याला काय म्हणायचं ते म्हणा. मला तर दोन घरांनी एकमेकांकडून विरजण नेल्यासारखं वाटतं.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं ते थोडक्यात लिहितो. माणसं खोटं फार कमी बोलतात, विचारलं तेवढंच खरं बोलतात. म्हणून प्रश्न विचारायला कधीकधी परका माणूस लागतो, ज्याला आपलं काहीच माहीत नाही. आणि उत्तर द्यायला घरचा लागतो. आणि जो ओरडतो त्याला आधी धरू नका. तो बहुतेक वेळा पहिला जागा झालेला असतो.

आता शेवटचं.

माझी बायको गेली त्याला दुसरी संक्रांत होऊन गेली. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. दवाखान्यात नेताना घाईत तिला अनवाणीच गाडीत घातलं. चपला दारातच राहिल्या, तिनं काढल्या तशा, सरळ, जोडीनं. आमच्या मुलानं एकदा विचारलं, "बाबा, आईच्या चपला आत ठेवू का?" मी नको म्हणालो. तो समजूतदार आहे, परत विचारलं नाही. मेथी मी आता विकत आणत नाही. निवडत बसायला मला जमत नाही, आणि तशी चवही लागत नाही.

ती गेल्यावर भेटायला माणसं आली, त्यात तो लायटीवाला पोरगाही आला, आईला घेऊन. कायम झालाय, लग्न झालंय, अंगानं भरलाय. पाळीवरून सरळ आला होता, पायात कारखान्याचे जड बूट. दारात थांबला, खाली बघितलं.

मी म्हणालो, "त्या हिच्या आहेत. तुला माहीत नाही, तुला सोडवलं ते मी नाही. हिनं."

मग त्याला मेथीची गोष्ट सांगितली. दारात उभ्यानंच. त्यानं पूर्ण ऐकली. खाली बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि बूट तिच्या चपलांच्या शेजारी ठेवले. सरळ, टाचेला टाच लावून. त्याच्या आईनंही आपल्या ठेवल्या.

मी बराच वेळ ती रांग बघत उभा होतो. जोडी दिसली म्हणजे माणूस मझार आहे.

"या," मी म्हणालो, "आत या."